करंगळी

लंडनला लेकीकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. तिला ऑफिस होतं म्हणून एक दिवस मी एकटीच ब्रिटिश म्युझियमला गेले. इजिप्तच्या दालनात तोबा गर्दी, शाळेची पोरं, त्यांच्या टीचर, सगळे ममींच्या काचेला नाक लावून उभे. मीही थोडा वेळ उभी राहिले, मग गर्दीतून बाजूला सरकले आणि तिथे एका कपाटात मला एक चुनखडीची पाटी दिसली. पसरट, छोट्या पाटासारखी, आणि तिच्यात खाचा कोरलेल्या. खाचांमध्ये इवले इवले पेले, इवल्या कुप्या, आणि मधोमध एक चपटं पातं, ज्याचं टोक माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं. प्रत्येक वस्तूला तिची ठरलेली जागा, म्हणजे एखादी वस्तू उचलली तर रिकामी खाच लगेच सांगणार की इथलं काहीतरी गेलंय.

मी ३३ वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली पहिली १२ लेबर रूममध्ये. ती पाटी बघितली आणि डोक्यात पहिला शब्द आला तो म्हणजे ट्रे. डिलिव्हरीच्या आधी आम्ही ट्रे लावायचो ना, कात्री, दोन आर्टरी फोर्सेप, कॉर्ड क्लॅम्प, म्युकस सकर, कापसाचे बोळे, सगळं ठरलेल्या जागी, कारण ऐन वेळी डोळे बाळावर असतात आणि हात न बघता ट्रेकडे जायला लागतो. मी खालचं लेबल वाचलं. 'मुख उघडण्याच्या' विधीचा संच, मेलेल्या माणसाबरोबर ठेवायचा. मी परत वाचलं. मला वाटलं माझं इंग्रजी चुकतंय, कारण माझे हात सांगत होते की ही बाळंतपणाची हत्यारं आहेत.

घरी परत आल्यावर मी याच्या मागेच लागले. लायब्ररी, इंटरनेट, लेकीकडून मागवलेली दोन जाड पुस्तकं, आणि रिटायर झालेली बाई, वेळच वेळ. जे कळलं ते इथे लिहून ठेवतेय.

प्राचीन इजिप्तमध्ये माणूस मेला, त्याची ममी तयार झाली, थडग्यापर्यंत मिरवणूक आली, की थडग्याच्या दारात ममी उभी करायचे आणि तिचं तोंड 'उघडायचे'. प्रत्यक्ष फाकवायचे नाहीत, वेगवेगळी हत्यारं तोंडाला आणि डोळ्यांना फक्त टेकवायचे आणि मंत्र म्हणायचे. का, तर मेलेल्याला परत श्वास घेता यावा, खाता यावं, बोलता यावं. बोलता यावं हे तर फारच महत्त्वाचं, कारण पुढे त्याला ओसायरिससमोर, म्हणजे मेलेल्यांच्या देवासमोर, उभं राहून स्वतःच्या आयुष्याचा जबाब द्यायचाय. विधी करणारा पुरोहित बिबट्याचं कातडं पांघरलेला, त्याला 'सेम' म्हणायचे, आणि मुळात हे काम मुलाचं, मोठ्या मुलाचं. ते वाचून आपल्याला नवल वाटत नाही. या विधीचे पुढच्या काळातले जे पाठ सापडलेत त्यांचे अभ्यासकांनी ७५ प्रसंग मोजलेत, इतका तो लांबलचक.

आता ते माशाच्या शेपटीचं पातं. त्याचं नाव 'पेसेशकेफ'. चकमकीच्या दगडाची अशी दुभंगलेली पाती इजिप्तमध्ये राजे व्हायच्या आधीपासूनच्या कबरींमध्ये सापडतात, म्हणजे पाच हजार वर्षांच्याही मागची. ॲन मेसी रॉथ नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाई आहेत, त्यांनी १९९२ आणि १९९३ मध्ये दोन लेख लिहिले आणि त्यात असं मांडलं की हे पातं मुळात नाळ कापायचं होतं. आणि त्या संचात जी दोन छोटी पाती असतात, 'नेत्रवी' नावाची, ती म्हणजे सुइणीच्या दोन करंगळ्या, जन्मलेल्या बाळाच्या तोंडातला चिकटा काढणाऱ्या. मी हे रात्री साडेअकराला वाचलं आणि उठून बसले. सगळ्या अभ्यासकांना हे शंभर टक्के पटलंय असं नाही, पण मला विचाराल तर मला पटवायची गरजच नव्हती, माझ्या हातांनी ते कपाटासमोरच ओळखलं होतं.

कारण बघा, बाळ बाहेर आलं की त्याच्या तोंडात, नाकात पाणी असतं, चिकटा असतो. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या सिनियर सिस्टर, जुन्या पद्धतीच्या, त्या सकरची वाट बघायच्याच नाहीत, करंगळीला गॉज गुंडाळून बाळाच्या तोंडातून एकदा फिरवायच्या. करंगळीच का, तर बाळाच्या तोंडात दुसरं बोट जातच नाही. आणि त्या विधीत खरोखरच असा प्रसंग आहे की सेम पुरोहित आपली करंगळी मूर्तीच्या तोंडाला लावतो. राजेलोकांच्या पिरॅमिडमधल्या मंत्रांमध्ये होरस देवाच्या मुलांनी आपल्या लोखंडी बोटांनी तुझं तोंड उघडलं असं येतं.

आणि रॉथ बाईंचा मुद्दा तेवढ्यावर थांबत नाही. सक्कारामध्ये उनास राजाचा पिरॅमिड आहे, इसवी सनपूर्व २३५० च्या आसपासचा, त्याच्या आतल्या भिंतींवर जे मंत्र कोरलेत ते असल्या मंत्रांमधले सगळ्यात जुने, १८८१ मध्ये मास्पेरो या फ्रेंच अभ्यासकाने ते बघितले. त्यात वस्तू कुठल्या क्रमाने द्यायच्या हे लिहिलंय. आधी मीठ-सोड्याने आणि धूपाने शुद्धी, मग पेसेशकेफ, मग लोखंडाची दोन पाती, मग होरसच्या स्तनाचं टोक घे, तोंडात घे असं म्हणत दुधाचे दोन छोटे बुधले, एक भरलेला आणि एक रिकामा. थोडं पुढे 'होरसचे पांढरे दात' म्हणून चक्क पांढऱ्या कांद्या-लसणाचे गड्डे, आणि मग हळूहळू घन अन्न, भाकरी, बिअर, मांस. म्हणजे नाळ कापली, तोंड साफ केलं, अंगावर घेतलं, दात आले, वरचं अन्न सुरू झालं. ते मेलेल्या राजाला वाढवतायत. एका दुपारच्या विधीत त्याला परत तान्ह्याचा मोठा करतायत. मला तो रिकामा बुधला फार लागतो मनाला, कारण पिऊन संपलेलं दूधसुद्धा त्यांनी मांडलंय.

इथे आईचं सांगावंच लागेल.

माझी आई घरीच गेली, झोपेत, पहाटे केव्हातरी. आम्हाला कळलं तेव्हा जबडा थोडा आवळायला लागला होता. घरातली मोठी माणसं म्हणाली तोंडात गंगाजल घाला, तुळशीचं पान ठेवा, सोन्याचा कण ठेवा, आणि चमच्याने काही होईना, पाणी गालावरून ओघळून उशीवर जायला लागलं. मी तोपर्यंत वॉर्डात किती बॉड्या पॅक केल्या असतील त्याचा हिशेब नाही. डोळे मिटवायचे, नाकात कापूस, हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर बांधायची, पायाचे अंगठे बांधायचे, मनगटाला नावाची चिठ्ठी. हात आपोआप चालतात. पण त्या दिवशी आईच्या बाबतीत मला त्यातलं काहीही आठवलं नाही. आठवलं ते लेबर रूममधलं, की ओठाच्या कोपऱ्यातून, गालाच्या आतून करंगळी अलगद सरकवायची, जोर करायचा नाही, तोंड आपणहून जागा देतं. तसं केलं, आणि जागा दिली. पाणी आत गेलं, पान ठेवलं. तेव्हा मला इजिप्तमधलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. पण नंतर ते लेख वाचताना माझी उजव्या हाताची करंगळी अक्षरशः गार पडली होती.

बरं, हत्यारांकडे परत येते. या विधीतलं सगळ्यात प्रसिद्ध हत्यार म्हणजे वाकस, सुतार लाकूड तासतो ना तो. हुनेफर नावाच्या अधिकाऱ्याचा पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी, आहे, इसवी सनपूर्व १२८० च्या सुमाराचा, त्यातलं चित्र तुम्ही बघितलंच असेल कुठेतरी: काळ्या कोल्ह्याच्या तोंडाच्या अनुबिस देवाने ममीला मागून आधार दिलाय, पुढे बायको आणि मुलगी रडतायत, आणि पुरोहित वाकस उचलून ममीच्या तोंडाकडे नेतोय. तिथे सुताराचं हत्यार आलं कुठून, तर हा विधी ममीच्या आधी मूर्तींसाठी होता. मूर्ती घडवायच्या जागेला ते 'सोन्याचं घर' म्हणायचे, तिथे मूर्ती पूर्ण झाली की ज्या हत्याराने ती तासली त्याच हत्याराने तिचं तोंड उघडायचं, म्हणजे लाकूड संपलं आणि देव किंवा माणूस सुरू झाला. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेच्या वेळी मूर्तीचे डोळे सोन्याच्या शलाकेने उघडतात ते मी गावच्या देवळात लहानपणी बघितलंय, त्यामुळे हे समजायला मला अजिबात वेळ लागला नाही. कोणी कोणाकडून घेतलं असं मी म्हणत नाहीये, दोन वेगळी माणसं एकाच दारापाशी येऊन उभी राहिली एवढंच.

त्या वाकसाचं एक नाव 'मेसखेतिउ', आणि तेच नाव त्यांनी आकाशातल्या सप्तर्षींना दिलेलं. आपल्याला जिथे सात ऋषी दिसतात तिथे त्यांना बैलाचा पुढचा पाय दिसायचा, आणि तोच आकार वाकसाचाही. त्या काळी त्यांच्या आकाशात सप्तर्षी कधीच मावळायचे नाहीत, वर्षभर ध्रुवाभोवती फिरत राहायचे, म्हणून ते न मरणारे तारे, आणि मेलेल्या राजाने त्यांच्यात जाऊन बसायचं. वाकसाचं पातंही शक्यतो आकाशातून पडलेल्या लोखंडाचं. लोखंड गाळायची विद्या त्यांच्याकडे यायच्या कितीतरी आधी ते उल्केचं लोखंड ठोकून वापरायचे. तुतनखामेन राजाचं थडगं १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला सापडलं, त्यात सोन्याच्या ढिगात १६ छोट्या छिन्न्या निघाल्या, लोखंडी पात्यांच्या, लाकडी मुठींच्या, इतक्या नाजूक की कशावरही चालवता येणार नाहीत, त्या याच विधीच्या असाव्यात असं मानतात. त्याच्या ममीवरचा खंजीर तर २०१६ मध्ये एक्सरेने तपासला, त्यात निकेल आणि कोबाल्टचं प्रमाण असं निघालं की ते लोखंड उल्केचंच.

त्याच थडग्याच्या उत्तरेच्या भिंतीवर हा विधी रंगवलाय. वाकस धरलेला माणूस म्हणजे आय, तुतनखामेनच्या नंतर गादीवर बसलेला म्हातारा. बिबट्याचं कातडं आहे आणि डोक्यावर राजाचा निळा मुकुटही आहे. तोंड उघडणारा तो वारस, हे त्याला भिंतीवर लिहून ठेवायचं होतं. मला तिथे आयचा राग येत नाही. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर गेलं होतं, मागे मूल नाही, त्याच्या दोन मुली जन्मायच्या आधीच किंवा जन्मताच गेलेल्या आणि त्यांचेही इवले ममी त्याच थडग्यात ठेवलेले, कोणीतरी तो वाकस धरायलाच हवा होता.

हुनेफरच्या त्या चित्रात खालच्या पट्टीत एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. एक वासरू आहे, त्याचा पुढचा पाय कापलाय, तो पाय घेऊन एक माणूस ममीकडे निघालाय, स्नायू अजून फडफडत असताना तो ममीच्या तोंडाला लावायचा, म्हणजे त्यातला जीव इकडे येईल. आणि वासराच्या मागे गाय उभी आहे, मान वर, तोंड उघडं, हंबरतेय. वर ममीचं तोंड उघडायचा खटाटोप चाललाय आणि खाली हे एक तोंड आपोआप उघडलंय. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ज्याने हे काढलं त्याला दिसत होतं की काय चाललंय, आणि त्याने ते झाकलं नाही. मला त्या चित्रकाराबद्दल फार आदर वाटतो. आणि ते चित्र मी जास्त वेळ बघू शकत नाही हेही खरं.

बाळंतपणाचा धागा एकदा हाताला लागला की मग तो सगळीकडे सापडायला लागतो. विटा घ्या. इजिप्तमध्ये बायका विटांवर उकिडवं बसून बाळंत व्हायच्या, विटांची एक देवीच होती, मेसखेनेत. २००१ मध्ये अबिडोसला जोसेफ वेगनर यांच्या टीमला अशी एक खरी वीट सापडली, कच्च्या मातीची, त्यावर बाळाला हातात धरलेली आई आणि दोन बाजूंना मदतनीस बायका रंगवलेल्या. आणि थडग्यात काय, तर चार दिशांना चार विटा. कच्च्याच मातीच्या, एकीवर अनुबिस, एकीवर ओसायरिसचा 'जेद' खांब, एकीवर लाकडी माणूस, एकीवर मशाल. पुस्तकं म्हणतात त्या शत्रूला अडवायला, आणि मंत्रात लिहिलंयही तसंच. पण वीटच का? सोन्याचे ढीग लावणाऱ्या लोकांनी तिथे उन्हात वाळवलेली मातीची वीट का ठेवावी? कारण माणूस जगात येतो तो विटेवर, असं रॉथ बाई आणि त्यांच्या एक सहकारी अभ्यासक म्हणतात, आणि मला ते एकदम बरोबर वाटतं.

बर्लिनला एक जुना पपायरस आहे, वेस्टकार म्हणतात त्याला, त्यात एका बाईला तिळं होतं त्याची गोष्ट आहे. आयसिस देवी तिच्या पुढे उभी राहते, तिची बहीण नेफ्थिस मागे, हेकेत देवी कळा लवकर आणते, मग नाळ कापतात, बाळाला धुतात, विटांच्या बैठकीवर ठेवतात. आता अंत्ययात्रेची चित्रं बघा. ममीच्या डोक्याशी एक बाई, पायाशी एक बाई, या दोघी म्हणजे नेफ्थिस आणि आयसिस. त्याच दोघी. लेबर रूममध्ये आम्ही दोघी असायचो तेव्हा असंच, एक डोक्याशी हात धरायला आणि एक पायाशी. नंतर मी मेडिसिन वॉर्डात गेले, तिथे रात्री कोणी गेलं की बॉडी पॅक करायलाही दोघी लागतात, आणि जागा त्याच.

ममी करण्याबद्दल लोकांना जास्त कुतूहल असतं, नाकातून मेंदू काढायचे वगैरे, ते मी इथे फार सांगत नाही. डाव्या कुशीत चीर देऊन लिव्हर, फुप्फुसं, जठर, आतडी काढायचे आणि नॅट्रॉनमध्ये सुकवायचे. नॅट्रॉन म्हणजे खारा सोडा, आपल्या पापडखाराच्या जातीचा, वादी नत्रूनच्या सुकलेल्या तळ्यांवर मिळायचा. सगळं मिळून ७० दिवस. काढलेले अवयव चार बरण्यांमध्ये, त्यांच्यावर होरसच्या चार मुलांचा पहारा: इमसेतीकडे लिव्हर, हापीकडे फुप्फुसं, दुआमुतेफकडे जठर, केबेहसेनुएफकडे आतडी. पुढे एक काळ असा आला की अवयव परत शरीरातच ठेवायला लागले, मग बरण्यांचं काय? तर त्या बंद नाही केल्या, आतून न पोखरलेल्या, भरीव, नुसत्या दिसायला बरण्या अशा ठेवत राहिले. आत काही जाणार नाही हे माहीत असून. मला यात भोळेपणा दिसत नाही. आईचा चष्मा आम्ही अजून तिच्या उशाशी ठेवतो.

हृदय मात्र काढायचे नाहीत, जागेवरच राहू द्यायचे, आणि त्यावर हिरव्या दगडाचा भुंगा ठेवायचे. त्या भुंग्याच्या पोटावर कोरलेला मंत्र असा सुरू होतो: माझ्या हृदया, आईकडून मिळालेल्या माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस. तराजूत एकीकडे हृदय आणि दुसरीकडे मातचं, म्हणजे सत्याचं, पीस. जगातल्या सगळ्या देवांना सोडून माणूस आपल्याच हृदयाला विनवतोय, आणि विनवताना आईची आठवण करून देतोय.

सक्कारात २०१६ मध्ये रमदान हुसेन यांच्या टीमला ममी करायचा एक कारखानाच सापडला, इसवी सनपूर्व सातव्या-सहाव्या शतकातला, जमिनीखाली खोल. तिथली भांडी वर लिहिलेली निघाली. हे डोक्याला लावायचं. हे लावून पट्ट्या बांधायच्या. याने त्याचा वास चांगला करायचा. आमच्या ड्रेसिंग ट्रॉलीवरच्या बाटल्यांसारखं, लेबल मोठ्या अक्षरात, म्हणजे घाईत चूक नको. २०२३ मध्ये त्या भांड्यांच्या तळाला चिकटलेल्या थराची तपासणी छापून आली आणि त्यात चक्क डामर निघाला, आपल्या सालाच्या कुळातल्या झाडांची राळ, आग्नेय आशियाच्या जंगलांमधून आलेली. म्हणजे ती बोटीने, बैलाने, कुठून कुठून, बहुतेक आपल्या किनाऱ्याला लागून गेली असणार. एका मेलेल्या माणसाच्या डोक्याला लावायला.

पहिली ममी मी बघितली ती बडोद्याला, कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये. मामा तिथे राहायचा, आमच्यासारखी मराठी घरं तिथे खूप. सयाजीराव महाराजांच्या काळात आणलेली ती ममी, आणि त्याच इमारतीत निळ्या देवमाशाचा अजस्र सांगाडा. आम्हा पोरांना मासाच आवडायचा. ममीशी मामी थांबली होती आणि तिने पायातल्या चपला काढल्या होत्या, हे मला इतक्या वर्षांनी आत्ता आठवतंय.

राजांच्या वस्तूंपेक्षा मला साध्या लोकांच्या वस्तू जवळच्या वाटतात. उशब्ती, म्हणजे परलोकात शेतात राबायला ठेवलेल्या छोट्या निळ्या बाहुल्या, त्या तुतनखामेनकडे ४१३ होत्या, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक आणि वर मुकादम, त्या हुशारीने केलेल्या आहेत पण माझं मन तिथे रमत नाही. रमतं ते खा आणि मेरितपाशी. खा हा राजाच्या थडग्यांच्या कामावरचा प्रमुख, मेरित त्याची बायको. त्यांचं थडगं १९०६ मध्ये स्कियापारेल्ली या इटालियन अभ्यासकांना जसंच्या तसं सापडलं, आता सगळं इटलीत तुरिनला आहे. भाकऱ्या, चादरी, तिचा केसांचा टोप, त्याची कपड्यांची पेटी. मेरित आधी गेली, अचानक असणार, कारण तिची शवपेटी तयार नव्हती. खाने स्वतःसाठी करून ठेवलेली पेटी तिला दिली. ती पेटी तिला मोठी होत होती, तर बाजूची जागा चादरी घालून भरून काढली, त्याच्या खुणेच्या चादरी. मी हे वाचलं आणि मला ते हात दिसले, चादरीची घडी करून खांद्याशी नीट खोचणारे, म्हणजे ती आत हलायला नको.

आणि ज्यांच्याकडे पेटीही नव्हती त्यांच्याकडे मातीचं ताट असायचं. फ्लिंडर्स पेट्री या ब्रिटिश अभ्यासकांना १९०७ मध्ये रिफेहला अशी बरीच मिळाली, कबरीवर ठेवायची. ताटात मातीच्याच भाकऱ्या, मातीचीच बैलाची तंगडी, काही ताटांना तर छोटं घरच केलेलं, अंगण, जिना, आणि पुढे पन्हळ, पाणी ओतलं की वाहत जाऊन मातीत मुरावं म्हणून. येता जाता कोणी पाणी घालेल एवढीच अपेक्षा. पाणी सोडणं हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

कधी कधी त्या वाडग्यावरच पत्र लिहायचे. मेलेल्याला जेवण ठेवायचं त्याच वाडग्यावर, म्हणजे जेवता जेवता वाचेल. लंडनलाच पेट्री म्युझियममध्ये काऊ गावचा एक लाल वाडगा आहे, चार हजार वर्षांपूर्वीचा. शेप्सी नावाच्या मुलाने आतून बापाला लिहिलंय आणि बाहेरून आईला. त्याची जमीन कोणीतरी बळकावली होती, त्याची तक्रार. पण आईला लिहिताना तो आधी आठवण करून देतो की तू म्हणाली होतीस मला लावे पक्षी आणून दे, खावेसे वाटतायत, आणि मी तुला सात आणून दिले आणि तू खाल्लेस. सात. त्याने मोजलेत. आईने शेवटी शेवटी काय मागितलं आणि आपण काय आणून दिलं हे पोराच्या लक्षात राहतंच. माझ्या आईने उसाचा रस मागितला होता, शुगरमुळे मी अर्धा कपच दिला.

विधी संपला की लाल मडकी फोडायचे. आपणही फोडतो, खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फेरे, प्रत्येक फेऱ्याला एक भोक आणि शेवटी मागच्या मागे सोडून द्यायचं. मला भाऊ नाही, आईला मी फिरले. मडकं फुटल्याचा आवाज मागून येतो आणि वळून बघायचं नसतं.

शेवटची वस्तू अशी की तिच्याकडे बरीच वर्षं कोणाचं लक्षच नव्हतं. राजांच्या खोऱ्यात १९०७ मध्ये एका खड्ड्यात मोठमोठे रांजण सापडले, तुतनखामेनचं थडगं सापडायच्या १५ वर्षं आधी. थिओडोर डेव्हिस या अमेरिकन श्रीमंत गृहस्थाचं उत्खनन होतं, सोनं नाही म्हणून त्यांना ते काही फार महत्त्वाचं वाटलं नाही, आणि रांजण न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमला गेले. तिथे हर्बर्ट विनलॉक यांनी ते बारकाईने बघितले आणि १९४१ मध्ये लिहिलं की हे तुतनखामेनच्या अंत्यविधीतलं उरलंसुरलं सामान आहे. नॅट्रॉनच्या पुरचुंड्या, वापरलेली फडकी, पट्ट्यांचे तुकडे, जेवणावळीची फुटलेली भांडी, बदकांची हाडं, आणि जेवायला बसलेल्यांनी गळ्यात घातलेले फुलांचे हार, ऑलिव्हची पानं आणि निळी फुलं अजून ओळखू येणारी. राजाच्या शरीराला लागलेलं काहीही फेकून द्यायचं नाही, म्हणून सगळं गोळा करून, रांजणात भरून, तोंडं बंद करून पुरलेलं.

आणि त्यात दोन केरसुण्या.

इजिप्तच्या थडग्यांमध्ये भिंतीवर एक प्रसंग परत परत येतो. सगळं वाढून झालंय, मंत्र झालेत, लोक निघालेत, आणि सगळ्यात शेवटचा पुरोहित दाराकडे जाताना मागे केरसुणी ओढत चाललाय. या झाडण्याच्या विधीच्या नावात पाऊल हा शब्द आहे. आत आलेल्या सगळ्यांची पावलं तो पुसतोय, शेवटी स्वतःचीसुद्धा.

आमच्या वॉर्डात एक मावशी होत्या, माझ्या आधी रिटायर झाल्या. बॉडी खाली गेली की गादी उलटणं, बेड पुसणं हे तर त्यांचं कामच होतं, पण त्या लादी पुसायच्या ती नेहमी भिंतीकडून दाराकडे, उलट्या पावलांनी, कडेकडेने, आणि दारात आल्या की फडकं पिळून एकदा आत बघायच्या. मी त्यांना कधी विचारलं नाही की असं का. मग बाहेर बाकावर बसायच्या, आणि आत लादी वाळेपर्यंत कोणाला जाऊ द्यायच्या नाहीत, डॉक्टरांनासुद्धा नाही.